टाक्यातली दुपार

हशमी सिसिलीला मासेमारीच्या बोटीवर गेला तेव्हा हुरिया अंगावर पीत होती. मधे एकदा तो ईदला येऊन गेला. हुरियासाठी बोलणारी बाहुली आणली, मन्नूबियासाठी फुलाफुलांचा रुमाल आणला, पंधरा-वीस दिवस राहिला आणि ‘पुढच्या ईदला नक्की’ म्हणून परत गेला. त्यानंतर कितीतरी ईद आल्या नि गेल्या. बाहुलीचा आवाज बंद पडला, हुरिया शाळेत जायला लागली, आणि मन्नूबिया मोठ्या दिराच्या घरात अजून त्याची वाट बघत होती.

घर होतं डोंगराच्या उतारावर, रूमी, म्हणजे जुन्या काळच्या रोमन लोकांच्या गावाला अगदी खेटून. ते गाव कधीच ओस पडलेलं. छपरं गेलेली, खांब राहिलेले, चाकांच्या खाचा पडलेले फरसबंद रस्ते आणि सगळीकडे काटेरी झुडपं. वस्तीतल्या बायका तिथल्या नाटकगृहाच्या पायऱ्यांवर घोंगड्या वाळत घालत, मेंढ्या देवळात बसून रवंथ करत. मन्नूबियाचा मोठा दीर खमीस याला सरकारने या पडझडीचा राखणदार नेमलं होतं. टोपी आणि शिट्टी मिळाल्यापासून तो सगळा डोंगर आपलाच असल्यासारखा वागत असे.

पण घरात राज्य होतं त्याच्या बायकोचं, सलूहाचं. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. कधी पीठ मळायचं, कुणाच्या लग्नाला जायचं, मन्नूबियाने माहेरी किती दिवस राहायचं, हे सगळं तीच ठरवी. सलूहाला चारही मुलगेच. त्यामुळे हुरियावर तिचा फार जीव. पोर रात्री झोपायलाही तिच्याच कुशीत जाई. मन्नूबियाला ते कधी बरं वाटे, कधी आपलं काहीतरी हळूहळू काढून घेतलं जातंय असं वाटे.

त्या आठवड्यात फिरत्या कापडवाल्याबरोबर मन्नूबियाच्या बहिणीचा, वसीलाचा निरोप आला. समुद्रकाठच्या सूसा शहरातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायला बाई हवी आहे, राहायला खोली आहे, शाळा जवळ आहे, लगेच ये. मन्नूबियाने दोन दिवस धीर गोळा केला आणि बाजाराच्या दिवशी सकाळी, खमीस शहराला निघून गेल्यावर, भाकरीच्या भट्टीपाशी विषय काढला.

“हशमी आला की त्याला विचार,” सलूहा म्हणाली.

“आले तर विचारते ना.”

“येईल.”

“कधी?”

“ईदला.”

“कुठल्या ईदला, जाऊबाई?”

 सलूहाने भाकरी भट्टीतून ओढून काढली, टोपलीत टाकली, आणि म्हणाली, “नवरा असलेली बाई नवऱ्याला न विचारता उठून निघाली तर लोक तिला काय म्हणतात ते मी माझ्या तोंडाने सांगू का? चल, लाकडं आणायचीत.”

जैतुनांची छाटणी चालली होती. तोडलेल्या फांद्या बायकांनी नेल्या तर कुणी हरकत घेत नसे. दोघींनी भलीमोठी मोळी बांधली आणि परत निघाल्या. पुढे सलूहा, खांद्यावरून दोर घेऊन ओढतेय; मागे मन्नूबिया, मोळीला दोन्ही हातांनी रेटतेय.  अर्ध्या वाटेवर सलूहाने पायवाट सोडली आणि जुन्या टाक्यांच्या पाठीवरून वळली.

“तिकडून नको,” मन्नूबिया म्हणाली. “भावोजी रोज ओरडून सांगतात, तिथली छपरं पोकळ आहेत म्हणून.”

“तुझे भावोजी बरंच काही सांगतात.”

रूमी लोकांनी पावसाचं पाणी साठवायला ती टाकी बांधली होती, रांगेने, लांबलचक, वरून कमानीची छपरं घातलेली. आता वर मातीचा थर, मातीवर गवत. पाहणाऱ्याला ते साधं टेकाड वाटे. सलूहाचा पाय पडला आणि टेकाड खाली बसलं. ती दिसेनाशी झाली. मागोमाग मोळीला हिसका बसला. हात सोडायचे हे मन्नूबियाला सुचेपर्यंत तीही मोळीसकट आत होती.

खाली पडल्यावर बराच वेळ नुसती धूळ. नाकातोंडात चुना. मग अंधारातून सलूहाचा आवाज आला.

“मन्नूबिया, जिवंत आहेस का?”

“आहे.”

“मग माझ्या पायावरून ऊठ.”

“मी तुमच्या पायावर नाहीये.”

“मग कोण आहे?”

कुणी नव्हतं. पाय घोट्याच्या वर मोडला होता आणि पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं. मन्नूबिया मोळीवर पडली म्हणून वाचली. तिचं फक्त कोपर सोललं होतं. तिने चाचपडत जाऊन सलूहाला भिंतीशी ओढलं, रुमाल फाडला, दोन सरळ फांद्या लावून पाय बांधला. सलूहा ओरडली नाही. तिने मन्नूबियाचा दंड इतका घट्ट धरला की त्यावर बोटं उमटली.

धूळ बसल्यावर जागा दिसायला लागली. टाकं खोल होतं, एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तर वरच्याचे हात कसेबसे काठाला लागतील इतकं. छपराला पडलेलं भोक बाजूच्या भिंतीलगतच होतं. भिंतींना त्या लोकांनी केलेला गुलाबीसर गिलावा अजून तसाच, हात फिरवला तर तळव्याला घासतही नव्हता. बोट अडकवायला फट नाही. दुसऱ्या टोकाला काळं पाणी होतं, आणि तिकडून येणारी गार ओल हळूहळू हाडांत शिरत होती.

दोघींनी हाका मारल्या. हाक त्या लांब पोकळीत जाई, पाण्यावर आपटे आणि त्यांच्याकडेच परत येई. वर मेंढ्यासुद्धा नव्हत्या. बाजाराचा दिवस, अर्धी वस्ती खाली शहरात गेलेली.

“भावोजी कधी येतील?” मन्नूबियाने विचारलं.

“गाडी दुपारी येते. मग चहाच्या दुकानात पत्ते. घरी येणार अंधार पडल्यावर. आणि आल्यावरही पहिलं विचारणार, जेवायला काय आहे.”

“आपण दिसलो नाही तर शोधतील ना?”

“शोधतील. आधी तुझ्या माहेरी माणूस पाठवतील. सकाळचं आपलं भांडण शेजारणीने ऐकलंय.” सलूहा थांबली. “तू पळालीस आणि मी तुला आणायला गेले, असंच वाटेल सगळ्यांना.”

मन्नूबियाला या सगळ्याचं हसू यायला हवं होतं. पण तिचा श्वास पुरेना. छपराच्या भोकातून आभाळाचा एक तुकडा दिसत होता. तिच्या मनात आलं, एवढंच तर दिसत होतं इतकी वर्षं. अंगणातून एवढंच, खिडकीतून एवढंच. ती उठली, भिंतीवर चढायचा प्रयत्न केला, घसरली, पुन्हा चढली, पुन्हा घसरली. नखं मोडली. मग ती भिंतीवर मुठी आपटत राहिली. गिलाव्याचा टवकाही उडाला नाही.

“बस खाली,” सलूहा म्हणाली. “तुझ्या मुठीला घाबरून पडेल अशी बांधलेली नाही ती.”

“तुम्ही बोलू नका. पायवाट तुम्ही सोडली.”

“सोडली.”

“मी सांगत होते.”

“सांगत होतीस. आता काय, माझा दुसरा पाय मोडतेस?”

तेवढ्यात वर काहीतरी कुरकुरलं आणि भोकाच्या कडेची आणखी दोन-तीन दगड खाली आले. एक मोळीवर पडला, एक मन्नूबिया मघाशी उभी होती तिथे. दोघी भिंतीला चिकटून एकमेकींना धरून बसल्या. दगड थांबले तरी सुटल्या नाहीत. सलूहाच्या अंगाला कापरं भरलं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. उन्हाचा पट्टा समोरच्या भिंतीवरून सरकत सरकत पाण्याकडे निघाला होता.

बऱ्याच वेळाने सलूहा म्हणाली, “मन्नूबिया, हशमी येणार नाही.”

“ते मला कळतंय. सकाळी मी तेच म्हणत होते.”

“तसं नाही. तो येणारच नाही. त्याने तिकडे घर केलंय. बाई आहे. दोन मुलं आहेत.”

 पाण्यात कुठेतरी थेंब पडला, मग आणखी एक.

“त्याची बोट आपल्या बंदराला लागली तेव्हा खमीस जाऊन त्याला भेटून आला,” सलूहा सांगत राहिली. आता सुरुवात झाली होती आणि तिला थांबता येत नव्हतं. “तो ईदला आला होता ना, बाहुली घेऊन, त्याच्या पुढच्या वर्षी. हशमी म्हणाला, तिला सांगा, तिचं तिला बघू दे. खमीसने घरी येऊन मला सांगितलं आणि म्हणाला, ही गोष्ट या भिंतींच्या बाहेर गेली तर बघ.”

“तिचं नाव काय?”

“कुणाचं?”

“त्या बाईचं.”

“मला काय माहीत. मी विचारलं नाही.”

मन्नूबियाने आपला हात सोडवून घेतला. दर हिवाळ्यात ती लोकर कातून हशमीसाठी बुरनूस, टोपीचा जाड लोकरी झगा, विणत असे, आणि बंदराकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी खमीस तो पाठवून देई. सलूहा मागाच्या दुसऱ्या बाजूला बसून धागे सारखे करायची. समुद्रावर फार वारा असतो, जरा दाट विण, असंही म्हणायची.

“बुरनूस कुठे गेले?” तिने विचारलं.

“एक खमीस घालतो. तुला म्हणाले होते ना, हशमीला आखूड झाला म्हणून परत आला. बाकीचे माझ्या पेटीत आहेत. एकालाही कसर लागू दिली नाही मी.”

“तुम्ही माझ्यासमोर बसून धागे धरत होता, जाऊबाई.”

“धरत होते.”

“का?”

सलूहाने डोकं भिंतीला टेकलं. “आधी खमीसच्या भीतीने. मग... तुला सांगितलं असतं तर तू कोर्टात गेली असतीस, सुटली असतीस आणि पोरीला घेऊन निघून गेली असतीस. घरात चार मुलगे आणि तो शिट्टीवाला. हुरिया गेल्यावर मी कुणाचे केस विंचरले असते? आणि तू गेल्यावर दिवसभर मी बोलले असते कुणाशी? आपण भांडत होतो खऱ्या. पण भांडायला तरी कुणी होतं.”

“म्हणून मला कोंडून ठेवलंत.”

“हो,” सलूहा म्हणाली. “कोंडून ठेवलं.”

तिने सारवासारव केली नाही, रडलीही नाही. मन्नूबियाला वाटलं, ती रडली असती तर सोपं गेलं असतं, मग तिचा गळा धरता आला असता. तिला हशमीचा चेहरा आठवायचा होता तर तोही नीट आठवेना. आठवत होती ती फक्त वर्षं, दारात बसून काढलेली, गाडीचा आवाज आला की मान वर करायची सवय लागलेली. त्या सगळ्या वर्षांत एकदाही कुणी येणार नव्हतं, आणि घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

वर पुन्हा कुरकुर झाली. सलूहा म्हणाली, “अंधार पडेपर्यंत हे छप्पर थांबणार नाही. माझ्यावर चढून जा.”

“तुम्हाला उभं राहता येत नाही.”

“एक पाय आहे. मोळी भिंतीशी आण.”

पडलेल्या दगडांवर मन्नूबियाने मोळी ठेवली, पायाने दाबून घट्ट केली. सलूहा गुडघ्यांवर रांगत मोळीवर चढली, भिंतीकडे तोंड करून बसली. मन्नूबिया तिच्या खांद्यांवर उभी राहिली. मग सलूहा भिंतीवर तळवे टेकत, एका पायावर, इंच इंच उठायला लागली. तिच्या घशातून जो आवाज येत होता तो माणसाचा वाटत नव्हता. मन्नूबियाचे हात काठाला लागले. पहिला दगड निसटला आणि सलूहाच्या पाठीत बसला, तरी ती हलली नाही. दुसरा दगड पक्का निघाला. मन्नूबियाने कोपरं वर घेतली, छाती घासली, गवत मुठीत धरलं, आणि ती बाहेर आली. खाली काहीतरी धपकन कोसळलं.

ती गवतात पालथी पडून राहिली. वारा होता, ऊन होतं. डोंगरावरून खालचा रस्ता पुरा दिसत होता, आणि त्यावरून शहराकडे जाणारी दुपारची बस धूळ उडवत येत होती. फाट्यापर्यंत धावत गेलं तर ती मिळाली असती. शहरातून सूसाची गाडी मिळाली असती. हुरियाला नंतर वसीलाच्या नवऱ्याने येऊन नेलं असतं. आणि सलूहाला अंधार पडल्यावर शोधलं असतं कुणीतरी. हे सगळं तिच्या मनात अगदी स्पष्ट, एकामागून एक आलं, आणि ती उठून बसली.

खालून काहीच आवाज येत नव्हता. बस फाट्याजवळ आली, थांबली, कुणीतरी उतरलं.

“मन्नूबिया,” खालून हळू आवाज आला. “आहेस का गेलीस?”

 बस निघाली, वळणाआड गेली.

“आहे,” ती म्हणाली.

“मला वाटलं गेलीस.”

“माणसं आणायला जाते.”

“आणि मग?”

“मग जाते.”

 “बरं,” सलूहा म्हणाली.

मन्नूबियाने अंगावरची लोकरीची शाल काढली, गुंडाळी केली आणि भोकातून खाली सोडली. मग ती वस्तीकडे धावत सुटली.

बाजाराहून परतलेला खमीस चहाच्या दुकानातच सापडला, हातात पत्ते घेऊन. दोर, शिडी आणि उचलून आणायला एक दाराची फळी घेऊन सात-आठ माणसं आली, त्यांच्यामागे बायका. खमीस काठाशी पालथा पडून आत डोकावला. त्याची टोपी डोक्यावर होतीच.

“शंभरदा सांगितलं, इकडून जाऊ नका,” तो ओरडला. “राखणदाराचीच बायको पडली म्हणजे आता वरचे साहेब मला काय म्हणतील?”

“आधी वर काढ, मग साहेबांचं बघ,” गर्दीतला एक म्हातारा म्हणाला.

एक तरणा माणूस दोर बांधून आत उतरला. शिडी सोडायचं चाललं होतं, तेव्हा मन्नूबिया खमीसच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. तिच्या हातापायांवर चुना होता, बाही रक्ताने भरली होती.

“भावोजी, हशमी कुठे आहे?”

खमीसने मान वळवली. “ही काय वेळ आहे का?”

“नसेल. पण कुठे आहे ते सांगा.”

“बोटीवर. कुठे असणार? ईदला येतोय, परवाच निरोप—”

“तिला सांगितलंय मी,” खालून सलूहाचा आवाज आला. टाक्यातून येणारा तो आवाज साऱ्यांना ऐकू जाईल इतका मोठा झाला होता. “सगळं सांगितलंय. खोटं बोलू नकोस, खमीस.”

 शिडी धरलेल्या माणसांचे हात थांबले. मग एका बाईने “काय सांगितलं?” असं दुसरीला विचारलं, आणि मन्नूबियाने वळून, आवाज न चढवता, सगळ्यांना सांगितलं. तिकडे बाई आहे, दोन मुलं आहेत, आणि भावोजींना हे पहिल्यापासून माहीत आहे. खमीस टोपी काढून हातात फिरवत बसला. सलूहाला फळीवर बांधून वर आणली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि मन्नूबियाची शाल तिच्याभोवती दोनदा गुंडाळलेली होती.

त्यानंतर मन्नूबिया लगेच सुटली असं मात्र झालं नाही. तलाकचं कोर्टातलं काम लांबलं. हशमीला समन्स जायचं, त्याचं उत्तर यायचं, खमीसने साक्ष द्यायची. दोनदा तो गेलाच नाही. तिसऱ्यांदा टाक्यापाशी बोललेल्या त्याच म्हाताऱ्याने त्याला गाडीत बसवून नेलं. सगळा उन्हाळा मन्नूबियाला त्याच घरात काढावा लागला. दीर बोलत नव्हता. सलूहा प्लास्टर घालून खाटेवर. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं मन्नूबियाकडेच. ती ते सगळं करी, पण एक शब्द बोलत नसे. सलूहाही बोलत नसे. एका दुपारी मात्र तिने पेटी उघडायला लावली, सगळे बुरनूस बाहेर काढायला लावले आणि म्हणाली, “तुझे आहेत. विक, जाळ, काय वाटेल ते कर.” मन्नूबियाने ते उसवले. लोकर धुऊन तिची हुरियासाठी पांघरुणं केली.

निकाल लागला तेव्हा हुरिया जायला तयार होईना. सलूहाच्या खाटेचा पाय धरून बसली. सलूहाने तिचे केस विंचरले, घट्ट वेणी घातली आणि म्हणाली, “तिकडे समुद्र आहे. बघून ये आणि मला सांग, खरंच निळा आहे का. मी पाहिलेला नाही.” पोर त्या कामगिरीवर निघाली. बसमध्ये बसल्यावर आपल्याला फसवलंय हे तिला कळलं आणि ती सूसापर्यंत रडली.

सूसात मन्नूबियाचं बरं चाललं. भाज्या चिरता चिरता तिला मासे साफ करायचं काम मिळालं. फक्त एक गोष्ट तिला जमेना. स्वयंपाकघराला लागून शीतगृह होतं, जाड लोखंडी दाराचं. आत गेलं की दार मागे आपोआप लागे आणि तिचा श्वास तिथेच अडके. ती दारात बटाट्याचं पोतं आडवं टाकून आत जाई. गारवा बाहेर जातो म्हणून मुख्य आचारी रागावे, बाकीच्या बायका हसत. ती पोतं काढत नसे.

दुसऱ्या वर्षी ईद झाल्यावर सलूहा आली, काठी टेकत. हुरियाने तिला समुद्र दाखवला. ती काठी बाजूला ठेवून वाळूत बसली. संध्याकाळी दोघी जावा हॉटेलच्या मागच्या दारात, उलट्या ठेवलेल्या टोपल्यांवर, भोपळ्याच्या बिया सोलत बसल्या होत्या. आता त्या जावा राहिल्या नव्हत्या, पण दुसरं काय म्हणायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं. मन्नूबियाने शीतगृहाच्या पोत्याची गोष्ट सांगितली.

“तुझं निदान पोत्यावर भागतंय,” सलूहा म्हणाली. “मला दार लावून झोपच येत नाही. हिवाळ्यातसुद्धा टाकते उघडं. तुझे भावोजी रात्रभर खोकतात.”

“दुसऱ्या खोलीत का नाही झोपत?”

“म्हणतात, राखणदार आहे मी, उघड्या दाराच्या घरात बायकोला एकटी कशी टाकू.”

मन्नूबिया हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या मांडीवरच्या बिया सगळ्या अंगणात सांडल्या. सलूहा काठीने त्या एकेक करून आपल्याकडे ओढू लागली.